मंजुळेच्या तावडीत

मंजुळा साळुंके ही बाई खानदेशात जितक्या वेळा संतापली असेल, तितकी ती मुंबई-पुण्याच्या सगळ्या नाट्यगृहांत मिळून संतापली नसेल. डिसेंबर उजाडला की जळगाव-धुळ्याच्या शाळांत स्नेहसंमेलनांचा मोसम सुरू होतो. परकर-पोलकं नेसलेली, हनुवटीवर काजळाचं गोंदण काढलेली एक मुलगी हातात परडी घेऊन स्टेजवर येते, कमरेवर हात ठेवते आणि पुढची सहा-सात मिनिटं समोर नसलेल्या एका प्राध्यापकाला धमक्या देते. पालक मोबाइल उंच धरून उभे राहतात, मागच्यांना दिसत नाही म्हणून मागचे ओरडतात, आणि मुख्याध्यापक पाहुण्यांच्या कानाशी लागून सांगतात, ‘‘फार गुणी विद्यार्थिनी आहे आमची.’’ गेल्या वर्षी ही परडी दुसऱ्या गुणी विद्यार्थिनीच्या हातात होती. परडी शाळेची आहे. तीतली झेंडूची फुलं प्लॅस्टिकची असून गणपतीत ती मखराला लावतात.

नाटक अर्थातच ‘ती फुलराणी’. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी ते लिहिलं आणि १९७५च्या जानेवारीत ते रंगमंचावर आलं. फुलं विकणारी मंजुळा आणि तिला शुद्ध बोलायला शिकवून बड्या लोकांत खपवून दाखवतो अशी पैज मारणारा प्राध्यापक अशोक जहागीरदार. सतीश दुभाषी जहागीरदार झाले आणि भक्ती बर्वे मंजुळा. यातली गंमत अशी की भक्ती बर्वे दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. ज्या बाईचं ऐकून घरोघरच्या लोकांनी आपले उच्चार घासूनपुसून घ्यावेत, तिनेच रंगमंचावर असा काही अशुद्धाचा बहर आणला की पुढे पन्नास वर्षं महाराष्ट्रातल्या मुली तेच अशुद्ध शुद्ध करून पाठ करत बसल्या. बर्वेबाईंनी नंतर ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ असा एकटीचा कार्यक्रमही केला. २००१च्या फेब्रुवारीत पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्या गेल्या. त्यांच्यामागून सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा एकीपेक्षा एक मंजुळा झाल्या. पण आमच्या जिल्ह्यातल्या सहावी ‘ब’मधल्या मुलीला विचाराल, तर मंजुळा म्हणजे तिच्या आधी सातवी ‘अ’मधल्या ताईने केली ती.

आणि एवढीच. नाटकात मंजुळेचं पुढे बरंच काही होतं. ती शिकते, तिची बोली बदलते, पैज जिंकली जाते, आणि मग खरी पंचाईत सुरू होते, की आता या नव्या बोलीचं करायचं काय आणि या मास्तरचं करायचं काय. खानदेशातली मंजुळा मात्र कधी शिकतच नाही. ती येते, रागावते, ढाल किंवा प्रमाणपत्र घेते आणि रिक्षात बसून घरी जाते. नाटकातलं घर सोडून ती आमच्याकडे स्वतंत्र राहायला आली आहे.

हे सगळं मी इतक्या अधिकाराने सांगतोय म्हटल्यावर आपण हे नाटक किती वेळा पाहिलंत, असं कुणीतरी विचारणार. मी ते पाहिलेलं नाही. त्यातली ती सहा-सात मिनिटं मात्र मी इतक्या वेळा पाहिली आहेत, की झोपेतून उठवलंत तरी कुठे परकर खोचायचा, कुठे नाक पुसायचं आणि कुठे परडी आपटायची ते सांगेन.

आमच्या शेजारची चिमुरडी जळगावातल्या एका एकपात्रीच्या क्लासला जाते. घरी ती ‘मले’, ‘तुले’, ‘नही’ असं बोलते. आजीचं माहेर जामनेरकडचं, आजोळ भडगावकडचं, त्यामुळे तावडी आणि अहिराणी या दोन्ही बोली तिच्या तोंडात एकत्र नांदतात. शाळेत बाई सांगतात, ‘‘मले नाही, मला म्हण.’’ झालं, तिने सुधारणा केली. संध्याकाळी क्लासचे सर तिला मंजुळा करायला घेतात आणि ओरडतात, ‘‘अगं शुद्ध काय बोलतेस? अशिक्षित बाई आहे ती!’’ मग ती आपलं घरचं बाहेर काढते. सर आणखी ओरडतात, ‘‘‘नही’ नाही बेटा, ‘न्हाई’! ‘न्हाई’ म्हण!’’ पोरीच्या घरात सात पिढ्यांत कुणी ‘न्हाई’ म्हटलेलं नाही. म्हणजे आधी शाळेने तिचं अशुद्ध काढून घेतलं आणि मग क्लासने पैसे घेऊन तिला दुसऱ्या गावचं अशुद्ध शिकवलं. जहागीरदार मास्तरांनी एकाच दिशेने कष्ट घेतले, आमच्याकडे मुलींना दोन्ही बाजूंनी तासतात.

माझं स्वतःचं तासकाम ‘ळ’वर झालं. आमच्या भागात ‘ळ’ला फारशी वस्ती नाही. डोळ्याचा डोया, केळीची केयी, आणि आमचं गाव जयगाव. मराठीच्या मास्तरांनी मला पाचवीत बाकावर उभं करून ‘बाळ जळगावला केळी गिळतो’ अशा धर्तीची वाक्यं म्हणायला लावली. (केळी गिळणारं ते बाळ पुढे कसं झालं असेल याची मला आजही काळजी वाटते.) मी जिद्दीचा. घरी आरशासमोर जीभ टाळूला लावून मी असा काही ‘ळ’ कमावला, की तो थांबेना. जिथे नाही तिथेही तो यायला लागला. आमच्याकडे बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मी दारात तांब्या घेऊन उभा होतो आणि मुलाच्या वडिलांना अत्यंत शुद्ध वाणीत म्हणालो, ‘‘या, पाळ धुवा.’’ सोयरीक झाली नाही. पत्रिका जुळत नव्हती असं त्यांनी कळवलं, पण आमच्या आईने त्यानंतर वर्षभर मला पाहुण्यांसमोर बोलू दिलं नाही.

पुढे हाच ‘ळ’ माझं भांडवल झाला. नोकरीच्या ठिकाणी निवेदन मी करायचो, गणेशोत्सवात सूत्रसंचालन मी करायचो. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर मी बऱ्याच नाटकांत होतो. भूमिका सांगत बसत नाही; एवढंच सांगतो की त्या भूमिकांना नावं नसायची, नुसते हुद्दे असायचे. पण उच्चारांबद्दल कुणी बोट ठेवलं नाही. तार घेऊन आलेल्या पोस्टमनचा ‘ळ’ इतका स्वच्छ असू शकतो, हे जळगावकरांना प्रथमच कळलं.

तर अशा मला धुळ्याहून एका कॉलेजात शिकवणाऱ्या जुन्या मित्राचा फोन आला. आंतरशालेय एकपात्री स्पर्धा आहे, एक परीक्षक आयत्या वेळी आजारी पडले, तू ये. आयत्या वेळी आठवलेला माणूस म्हणून अपमान वाटायला हवा होता. मी मात्र लगेच नेहरू शर्टाला इस्त्री करायला घेतली. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, जाताय ते ठीक, पण तिथे भाषण करू नका.’’ परीक्षकाने मनोगत व्यक्त करायचंच असतं हे मी तिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, ‘‘कुणी मागितलंय?’’

जळगाव स्थानकावर सकाळची धुळ्याची एसटी मिळाली. कंडक्टर तरुण होता. ‘‘कोठे जावानं शे आबा?’’ असं त्याने विचारलं. मी त्याच्यावर संस्कार करण्याच्या हेतूने म्हणालो, ‘‘धुळे. एक तिकीट द्यावे.’’ त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आर्धं दिऊ का? पासष्ट भरनात ना?’’ भरले नव्हते. भरायला चांगला अवकाश होता. उरलेल्या प्रवासात मी केस विंचरत होतो.

पाळधीला धरणगावचा फाटा लागतो. तिथे मला भाषणाचा मुद्दा सुचला आणि मी शेजारच्या प्रवाशावर त्याची तालीम घेतली. म्हटलं, ‘‘हे जे फुलराणी-फुलराणी म्हणतात ना, ती मूळची आपली. बालकवींची कविता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १८९० साली या धरणगावला जन्म. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे पोराला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. आणि १९१८ साली इथेच, भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून गेले. सत्तावीस वर्षांचे होते.’’ त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ठोंबरे म्हणजे, ते कोटबाजारातले का?’’ मी म्हटलं, ते कवी. तो म्हणाला, ‘‘मग ते नाहीत. ते बियाणं विकतात.’’ एरंडोल आलं तेव्हा तो उतरला. त्याला खरं तर पारोळ्याला जायचं होतं, असं मला नंतर कंडक्टर सांगत होता.

पारोळा ते धुळे या टप्प्यात माझ्या डोक्यात ती ऐतिहासिक कल्पना आली. मी ठरवलं, की खानदेशाला मंजुळेच्या कचाट्यातून सोडवायचं. किती दिवस पोरींनी तेच ते करायचं? त्यांनी नवं लिहावं, नवं शोधावं. कुणीतरी ठाम भूमिका घ्यायला हवी. ठाम भूमिका मला रंगमंचावर कधी मिळाली नव्हती, त्यामुळे उत्साह जास्त होता.

धुळ्याची थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांनाच ठाऊक. सकाळी दहालाही सभागृहात लोक मफलरी गुंडाळून बसले होते. दुसऱ्या परीक्षक होत्या एक निवृत्त शिक्षिका. ताठ कणा, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात लाल पेन. मी माझी ओळख करून दिली. त्या म्हणाल्या, ‘‘जळगावचे का? बोलण्यावरून नाही वाटत.’’ ही दाद समजून मी आभार मानले.

माझ्या उद्घाटनाच्या भाषणाची सुरुवात फार चांगली झाली. पाळधीला तयार केलेलं सगळं मी म्हटलं. बालकवी, धरणगाव, भादली. ‘‘फुलराणीचं माहेर खानदेश आहे,’’ असं म्हणून मी थांबलो, तेव्हा टाळ्यासुद्धा आल्या. तिथे बसलो असतो तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण माणूस टाळ्या ऐकतो आणि पुढे जातो. मी म्हणालो, ‘‘आणि म्हणूनच आज मी परीक्षक या नात्याने जाहीर करतो, की जी स्पर्धक आज फुलराणीतला तो प्रवेश करेल, तिला नावीन्याचे गुण शून्य! पुरे झाली आता ती मंजुया सायुंके!’’

होय. मंजुया सायुंके. चाळीस वर्षांत जो ‘ळ’ कधी सुटला नव्हता, तो आवेशाच्या भरात दोनदा सुटला, तोही माइकवर. बाई नावात आणि आडनावात दोन्हीकडे ‘ळ’ घेऊन जन्माला आली, तिथे माझा काय इलाज? पहिल्या रांगेतली दोन पोरं खुदकन हसली. मी सावरून घेतलं, ‘‘म्हणजे साळुंके,’’ असं म्हणालो आणि शेवटी म्हणालो, ‘‘मुलींनी आता आपल्या पाळांवर उभं राहावं.’’

पडद्यामागे आधी शांतता झाली, मग एक सामूहिक हुंदका, मग परड्या खाली ठेवल्याचे आवाज. बरेच आवाज. आयोजक मित्र घाईघाईने माझ्याकडे आला आणि त्याने यादी पुढे धरली. मुलग्यांच्या बाजूला ‘नटसम्राट’, ‘नटसम्राट’, ‘संभाजी’, ‘नटसम्राट’. मुलींच्या बाजूला जी एकच गोष्ट वरपासून खालपर्यंत लिहिलेली होती, ती तुमच्या लक्षात आली असेल. मित्र म्हणाला, ‘‘आता करू काय? जेवण सांगितलंय सगळ्यांचं.’’ तेवढ्यात पालक आले. एका मातेने भाड्याने आणलेल्या कपड्यांची पावती माझ्या हातात दिली. एक आजोबा शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, दोन महिन्यांपासून घरात कोणी हिच्याशी बोलू शकत नाही. काही बोललं की ही कमरेवर हात ठेवते. आणि आता तुम्ही म्हणता, करू नको?’’

मित्राने तोडगा काढला: अर्ध्या तासाची सुट्टी, ज्यांना विषय बदलायचा त्यांनी बदला. आणि मग त्या दिवशी धुळ्याने जे पाहिलं, ते बर्नार्ड शॉने पाहिलं असतं तर दाढी उपटली असती.

वेश मंजुळेचा, परडी मंजुळेची, आणि विषय दुसरा. परकर-पोलक्यातली एक सावित्रीबाई आली आणि तिने परडीतल्या झेंडूवर हात ठेवून मुलींना शिकण्याचा उपदेश केला. त्यामागून झाशीची राणी आली. पाठीवर बांधायला बाळ ऐनवेळी कुठून आणणार, म्हणून तिने परडीच बांधली होती आणि दर वाराला तीतून एक फूल गळत होतं. बहिणाबाई चौधरी दोन झाल्या. ही सोय मात्र खरी देखणी होती, कारण असोद्याच्या त्या माउलीला शेतात फुलांची परडी घेऊन जाण्यापासून कोण अडवणार? एका मुलीला काहीच सुचलं नाही, तिने फुलवालीचा पर्यावरण दिन केला: ‘‘मी फूल विकते, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत देत नाही!’’ परडीतली फुलं प्लॅस्टिकची होती. या सगळ्याजणी बोलत दुसरं होत्या आणि शरीर मात्र आपलं पाठ झालेलं करत होतं. सावित्रीबाई मध्येच नाक पुसायच्या. झाशीच्या राणीने ह्यू रोजला कमरेवर हात ठेवून, मान वेळावून असा काही दम दिला, की सभागृहाने ओळखलं आणि टाळ्या दिल्या. मंजुळेला मी दारातून हाकललं होतं, ती खिडक्यांतून आत येत होती.

मुलगे खूश होते. त्यांचे नटसम्राट कुणी अडवले नव्हते. एका नटसम्राटाची दाढी माइकच्या जाळीत अडकली आणि ‘घर देता का’च्या आधीच त्याला ‘माइक सोडवता का’ म्हणावं लागलं.

शेजारच्या मॅडम गुण देत होत्या, पण माझ्याशी बोलत नव्हत्या. चहाच्या वेळी बोलल्या. ‘‘सर, जिचं माहेर खानदेश म्हणालात, तिलाच बाहेर काढलंत?’’ मी नावीन्याबद्दल काहीतरी म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला. ‘‘मी एकोणऐंशी साली केली होती मंजुळा. इथेच, धुळ्यात, कॉलेजच्या गॅदरिंगला. वडिलांनी परवानगी दिली नव्हती. भरल्या हॉलमध्ये एका प्राध्यापकाला वाट्टेल ते बोलायची मुभा मुलीला दुसरीकडे कुठे मिळणार होती हो? कप अजून घरी आहे.’’ त्यानंतर त्यांनी बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढून घेतली.

शेवटची चिठ्ठी निघाली. साक्रीकडच्या एका शाळेची मुलगी, नववीतली असेल. हातात परडी नव्हती. ती तिने झाशीच्या राणीला दिली होती, असं मागाहून कळलं. ती पुढे आली, माइक खाली करून घेतला आणि प्रेक्षकांकडे न बघता थेट आमच्या टेबलाकडे वळली. कमरेवर हात ठेवला. मी लाल शाई तयार ठेवली.

‘‘ओ परीक्षक सर! तुम्ही जयगावतून उनात, आनि आम्हले सांगतस, आठे मंजुया नको?’’

सभागृह उठून बसलं. नाटकातलं एक वाक्यही ती बोलत नव्हती. मंजुळेचा राग तेवढा तिने घेतला होता आणि बाकी सगळं घरचं. जळगावहून एक साहेब इस्त्रीचा शर्ट घालून येतो, पोरींना नवं काहीतरी करा म्हणतो, आणि स्वतः मात्र जुनंच बोलतो. पुण्याच्या माणसासारखं बोलायचं आणि राग आला की खानदेशी व्हायचं, असा हा साहेब. तिने माझी चाल केली, माझं केस विंचरणं केलं (हे तिला कुणी सांगितलं?), आणि ‘पाळांवर उभं राहा’ असं म्हणून ती खरोखरच एका पायावर उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘मन्ही माय साक्रीना बाजारमा मिरच्या इकस. तिले कोनी शुद्ध बोलाले शिकाडं नही. तरी तिन्या मिरच्या संध्याकायलोंग सरी जातस!’’ इथे टाळ्या पडल्या. मग तिने मला शिकवायचे बेत सांगितले: मला बाजारात बसवणार, माझ्याकडून मिरच्या विकून घेणार, आणि जोवर मी ‘ळ’ विसरत नाही तोवर मला पाणी देणार नाही. मॅडम हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. आयोजक मित्र, ज्याच्या घरी मी जेवणार होतो, तोही हसत होता. त्याच्याकडची शेवभाजी त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जास्त तिखट लागली.

गुणांच्या खोलीत मी लढा दिला, हे इथे नोंदवून ठेवतो. मी म्हणालो, नियमावलीत ‘सादरीकरण मराठीत असावे’ असं स्पष्ट लिहिलंय. अहिराणी मराठीत मोडते का, हा प्रश्न आहे. आणि मी माझं शेवटचं अस्त्र काढलं: ‘‘ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ साली खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात घातलेलं नाही. भिल्ली भाषांबरोबर वेगळं ठेवलंय.’’ एवढं कुणाला माहीत असतं? मॅडमना माहीत होतं. त्या म्हणाल्या, ‘‘हो. आणि ग्रिअर्सन डब्लिनकडचा. बर्नार्ड शॉही डब्लिनचा. एकाने आपली बोली कुठल्या कपाटात ठेवायची ते सांगितलं, दुसऱ्याने बोलीवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांची टर उडवली. डब्लिनची दोघं झाली. तुम्ही जळगावचे. तुम्ही काय म्हणता?’’

मी म्हणालो, नावीन्याचे गुण द्यायला हरकत नाही. मॅडमनी ते आधीच लिहून ठेवले होते, माझ्या रकान्यातही.

बक्षीस समारंभात ढाल माझ्याच हस्ते दिली गेली. त्या मुलीची आई आली होती. तिने मला नमस्कार केला आणि म्हणाली, ‘‘राग नका धरा भाऊ, ती घरमा बी आशीच बोलस.’’ आणि मिरच्यांची एक पुडी दिली. फोटो काढताना फोटोग्राफर ओरडला, ‘‘सर, जरा हसा!’’ तो फोटो दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर छापून आला, आणि आमच्या कॉलनीत तो सगळ्यांनी पाहिला. शेजारची चिमुरडी आता मला पाहिलं की कमरेवर हात ठेवते. क्लासच्या सरांना तिने सांगून टाकलं, की तिला ‘न्हाई’ येत नाही, ‘नही’च येतं. सर म्हणे क्लास सोडून जाईल या भीतीने ‘नही’ चालवून घेतायत.

जळगावला परतल्यावर मी व. वा. वाचनालयातून ‘ती फुलराणी’चं पुस्तक आणलं आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. जोडीला शॉचं मूळ नाटकही आणलं. लंडनमध्ये १९१४ साली ते आलं तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या फुलवालीची भूमिका करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल एकोणपन्नास वर्षांच्या होत्या, हे वाचून मला बरं वाटलं. पासष्टी विचारणाऱ्या त्या कंडक्टरला हे सांगायला हवं होतं. शॉने प्रेक्षकांची इतकी समजूत घातली, की मुलगी काही त्या प्राध्यापकाशी लग्न करत नाही. पुढे एक लांबलचक पुरवणी लिहून तिचं दुसऱ्याशी लग्न लावून फुलांचं दुकानही काढून दिलं. लोकांनी ऐकलं नाही. ‘माय फेअर लेडी’त ती १९५६ साली प्राध्यापकाकडे परत येतेच. खानदेशातल्या पोरींनी शॉची ही डोकेदुखी एका फटक्यात सोडवली. त्यांनी प्राध्यापकाला स्टेजवर येऊच दिलं नाही. तो फक्त ऐकून घेतो. त्या दिवशी धुळ्यात तो चुकून टेबलापाशी येऊन बसला, एवढाच काय तो फरक.

सौभाग्यवतींना मी सगळं सांगितलं नव्हतं. पण धुळ्यात तिची मावसबहीण राहते आणि तिचा मोबाइल चांगला आहे. व्हिडिओ आमच्या घरी माझ्या आधी पोचला होता. त्या मिरच्यांचा ठेचा जेवणात वाढून ती म्हणाली, ‘‘घ्या, मंजुया सायुंके.’’

यंदा त्याच स्पर्धेचं परिपत्रक मित्राने पाठवलं. नियम जवळपास तेच आहेत, दोन नवे आहेत. एक: ‘सादरीकरण मराठी अथवा खानदेशातील कोणत्याही बोलीत चालेल, फुलराणी चालेल.’ दुसरा, ठळक अक्षरांत: ‘परीक्षकांनी मनोगत व्यक्त करू नये.’ मी मित्राला फोन करून विचारलं, परीक्षक म्हणून कोण येतंय. तो म्हणाला, मॅडम आहेतच, आणि दुसऱ्यांचं अजून ठरायचंय. मग थोडं थांबून त्याने विचारलं, ‘‘तू पडदा ओढायला येशील का?’’

मी हो म्हटलं आहे.